रोमची हरवलेली पौर्णिमा

इ.स.पू. ४४ सालच्या १५ मार्चला ज्यूलियस सीझरचा खून झाला. शेक्सपिअरमुळे 'आइड्स ऑफ मार्च' हे शब्द ज्यांनी रोमचा इतिहास कधी उघडला नाही त्यांच्याही कानावर पडलेले असतात. त्या दिवशी रोमवर कुठला चंद्र होता, हे गणिताने काढता येतं. कृष्णपक्षातली, पहाटे उगवणारी कोर होती. अमावास्या चार-पाच दिवसांवर आलेली. आपल्याकडचा कुणी तिथी मोजणारा तिथे असता तर त्याने दशमी-एकादशी सांगितली असती.

यात विशेष काय, असं कुणी विचारेल. विशेष हे की आइड्स म्हणजे मुळात पौर्णिमा. प्रत्येक रोमन महिन्याला एक आइड्स असे: मार्च, मे, क्विंटिलिस म्हणजे आजचा जुलै, आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत १५ तारखेला, बाकीच्या महिन्यांत १३ तारखेला. ज्या शहराने हा दिवस पूर्ण चंद्रासाठी राखून ठेवला होता, तिथे सीझरच्या काळापर्यंत त्या दिवशी चंद्र असेलच याची काहीच खात्री उरली नव्हती. नाव राहिलं, यज्ञ राहिला, देणी-घेणी राहिली. चंद्र तेवढा निघून गेला. तो कसा गेला, हे शोधण्यात मी बऱ्याच रात्री घालवल्या आहेत, आणि अजूनही या विषयाने मला सोडलेलं नाही.

सुरुवातीला चंद्र होता, आणि तो डोळ्यांनी पाहिला जात होता. व्हॅरो आणि मॅक्रोबियस या दोन लेखकांनी जुन्या रिवाजाचं वर्णन ठेवलं आहे. अमावास्येनंतरची पहिली कोर दिसते का, यावर एक कनिष्ठ पुरोहित नजर ठेवून असे. पश्चिमेला कोर दिसली की तो 'रेक्स साक्रोरुम'कडे जाऊन सांगे. राजेशाही संपल्यावरही राजाची धार्मिक कर्तव्यं ज्याच्याकडे उरली, तो हा पुरोहित. मग यज्ञ होई, आणि कॅपिटोल टेकडीवर क्युरिया कॅलाब्रा नावाच्या जागी लोकांना बोलावून मोठ्याने पुकारा केला जाई. पुकारा जूनो देवीला उद्देशून असे: पाच दिवस, किंवा सात दिवस. म्हणजे आजपासून पाचव्या किंवा सातव्या दिवशी नोन्स. नोन्स म्हणजे अर्धा चंद्र, आपली शुद्ध अष्टमी म्हणा. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक शहरात येत आणि या महिन्यात कोणते सण कधी, कोणत्या दिवशी काम बंद, हे पुरोहिताच्या तोंडून ऐकून परत जात. नोन्सनंतर आठ दिवसांनी आइड्स.

हा पुकारा मला फार आवडतो. भिंतीवर टांगलेलं काही नाही, छापलेलं काही नाही. वर पाहणारा एक माणूस, त्याचं ऐकून घेणारा दुसरा, आणि खाली उभे असलेले शेतकरी, ज्यांना गावी परतल्यावर पेरणीचं, बाजाराचं आणि देवाचं गणित बसवायचं आहे. महिना आकाशात सुरू होत होता आणि माणसाच्या आवाजातून गावोगाव पोचत होता.

आइड्सचा दिवस ज्युपिटरचा. त्याचं कारण मॅक्रोबियस देतो ते इतकं सुंदर आहे की एवढ्यासाठीसुद्धा त्याचं वाचन सार्थकी लागलं असं मला वाटलं. ज्युपिटर हा प्रकाशाचा देव. महिन्यातला हा एकच दिवस असा की सूर्य मावळला तरी उजेड संपत नाही. सूर्य मावळताना समोरच्या क्षितिजावर पूर्ण चंद्र वर येतो आणि रात्रभर राहतो. दिवस आणि रात्र दोन्ही उजळलेले, म्हणून हा दिवस उजेडाच्या देवाला वाहिलेला. त्या दिवशी एक पांढरी मेंढी 'पवित्र रस्त्या'ने, म्हणजे व्हिया साक्राने, मिरवत टेकडीवर नेली जाई आणि ज्युपिटरचा मुख्य पुरोहित तिचा बळी देई. प्रत्येक महिन्याला, शतकानुशतकं.

मार्चच्या आइड्सचा थाट वेगळा होता. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चपासून, त्यामुळे ही नव्या वर्षातली पहिली पौर्णिमा. त्या दिवशी ॲना पेरेन्ना नावाच्या देवीचा सण असे. रोमन कवी ऑव्हिडने त्याचं वर्णन केलंय. लोक टायबर नदीकाठी हिरवळीवर जोडीजोडीने पडलेले. कुणी उघड्यावर, कुणी फांद्यांची खोपटी करून, कुणी बांबूसारखे वेत रोवून त्यांवर आपला टोगाच, म्हणजे अंगावरचं वस्त्रच, पसरून सावली केलेली. जितकी वर्षं जगायची इच्छा, तितके पेले प्यायचे. नाटकात ऐकलेली गाणी म्हणायची, नाचायचं, आणि संध्याकाळी झोकांड्या खात घरी परतायचं. वाटेत भेटणारे त्यांना भाग्यवान म्हणायचे. १९९९मध्ये रोमच्या उत्तर भागात, पियाझ्झा युक्लिदेपाशी जमिनीखाली बांधकामाचं खोदकाम चालू असताना याच देवीचं कारंजं सापडलं. त्यात नाणी, दिवे, आणि शाप लिहिलेले शिशाचे पत्रेही होते. आनंदाच्या देवीच्या पाण्यात लोकांनी आपलं वैरही सोडून दिलं होतं. ऑव्हिडने सांगितलेल्या गर्दीतली खरी माणसं त्या पत्र्यांवर भेटतात.

चंद्र सुटला तो महिन्यांच्या लांबीत. जुनं रोमन वर्ष ३५५ दिवसांचं होतं: चार महिने ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८चा, उरलेले सात २९चे. बारा चांद्रमासांचे दिवस होतात साधारण ३५४ आणि थोडे. रोमन लोक विषम आकडा शुभ मानत, म्हणून ३५५. फेब्रुवारी हा पितरांचा महिना, त्यामुळे त्याला सम आकडा चालला. पण खरा चंद्र कधी २९, कधी ३० दिवसांत फेरी पुरी करतो. ३१ दिवसांची फेरी त्याला ठाऊक नाही. एकदा का महिन्यांची लांबी लिहून ठरवून टाकली, की आकाशाकडे पाहण्याची गरज संपली. पुकारा होत राहिला, पण उत्तर आधीच ठरलेलं होतं: मार्चमध्ये सात, एप्रिलमध्ये पाच.

इ.स.पू. ३०४मध्ये ग्नायस फ्लेव्हियस नावाच्या माणसाने सगळे दिवस पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरममध्ये, म्हणजे भर चौकात, लावले. मुक्त झालेल्या गुलामाचा हा मुलगा. तोवर कोणत्या दिवशी कोर्ट भरतं आणि कोणत्या दिवशी नाही, हे पुरोहितांकडे जाऊन विचारावं लागे, आणि पुरोहित सगळे उमराव घराण्यातले. फ्लेव्हियसने ते ज्ञान सर्वांसमोर मांडलं. उमराव भयंकर चिडले. मी या माणसाच्या पूर्णपणे बाजूने आहे. सामान्य माणसाला स्वतःचा दिवस स्वतः वाचता आला पाहिजे, याहून मोठी गोष्ट त्या काळात क्वचितच घडली असेल. पण त्या फळ्यांवरच्या आइड्सला चंद्राची गरज नव्हती, हेही खरं. टेकडीवरच्या आवाजाबद्दल मला जी हुरहूर वाटते, तिच्यासाठी मी फ्लेव्हियसला दोष देऊ शकत नाही.

रोमन लोक तारखा उलट्या मोजत, हेही इथेच सांगतो. आपली तिथी पुढे चालते: प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. रोमन माणूस पुढच्या खुणेपर्यंत किती दिवस उरले ते सांगे: आइड्सपूर्वी पाचवा दिवस, कॅलेंड्सपूर्वी बारावा दिवस. आणि पौर्णिमेनंतर संपूर्ण कृष्णपक्षात एकही खूण नाही. आइड्स संपली की थेट पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसाची, कॅलेंड्सची, वाट. कर्जाचं व्याज कॅलेंड्सला द्यावं लागे, त्यामुळे ऋणको माणसाला हे उलटे आकडे छातीवर बसत असणार. होरेसच्या एका कवितेतला सावकार आइड्सला सगळा पैसा वसूल करतो आणि कॅलेंड्सला पुन्हा व्याजावर लावायला बघतो. पौर्णिमा तोवर हिशेबाच्या वहीत जाऊन बसली होती.

आता ३५५ दिवसांचं वर्ष सूर्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी आखूड. आपल्याकडेही चांद्रवर्षाची हीच अडचण आहे, आणि तिच्यावरचा आपला उपाय अधिक मास. तो कधी धरायचा हे कुणाच्या मर्जीवर नाही: ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. २०२३मध्ये अधिक श्रावण आला तो या नियमाने. कुणी मंत्री, कुणी महंत तो पुढे ढकलू शकत नव्हता. आणि अधिक महिना धरूनही आपली पौर्णिमा पौर्णिमेलाच राहते, कारण जो महिना वाढतो तोही चंद्राचाच असतो.

रोममध्ये दोन्ही गोष्टी उलट्या. फेब्रुवारी २३-२४ तारखेपाशी तोडून त्यापुढे २७ दिवसांचा जादा महिना घातला जाई, म्हणजे चंद्राचा धागा तिथेही तुटलेलाच. आणि तो घालायचा की नाही, हे ठरवणार पोंटिफ, म्हणजे मुख्य पुरोहित मंडळ. हे पुरोहित देवळात बसणारे नव्हते. निवडणुका लढवणारे, सैन्य चालवणारे, एकमेकांचे वैरी असलेले राजकारणी होते. जादा महिना घातला की सत्तेवर असलेल्याची मुदत वाढते, नाही घातला की कमी होते. सिसेरो इ.स.पू. ५१मध्ये सिलिशिया प्रांताचा कारभार बघायला नाइलाजाने गेला, तेव्हा तिथून तो रोममधल्या मित्रांना कळवळून लिहितो: काहीही करा, पण यंदा जादा महिना घालू देऊ नका, माझं इथलं वर्ष लांबवू नका. एवढा थोर वक्ता आणि विचारवंत, आणि वर्ष किती दिवसांचं असेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

वर्षानुवर्षं असंच चाललं की काय होतं? दिनदर्शिका ऋतूंपासून वाहवत जाते. किती वाहवत गेली, हे आज आपल्याला नेमकं कळतं ते ग्रहणांमुळे. मला सगळ्यात जास्त काही सांगायचं असेल तर ते हेच. तारीख माणसाच्या हातात असते, ती मागेपुढे सरकवता येते. ग्रहणाची घटका कुठल्याही पुरोहिताच्या हातात नव्हती. इतिहासकाराने 'अमुक तारखेला ग्रहण झालं' एवढी एक ओळ लिहून ठेवली असेल, तर दोन हजार वर्षांनी आपण ते ग्रहण मागे मोजत गाठतो आणि तारखेचा खरेखोटेपणा उघडा पडतो. आपल्याकडचे पंचांगकर्तेही आपलं गणित ग्रहणावरच ताडून पाहत आले आहेत. कोकणातल्या नांदगावच्या केशव आणि गणेश दैवज्ञ या पितापुत्रांनी पाचशे वर्षांपूर्वी जुनी कोष्टकं आकाशाशी जुळवून दुरुस्त केली. रोमच्या पोंटिफांना ही संधी दर काही वर्षांनी मिळत होती. त्यांनी ती घेतली नाही.

लिव्ही या इतिहासकाराने अशा दोन ओळी ठेवल्या आहेत. पहिली सूर्यग्रहणाची. इ.स.पू. १९०मध्ये, अपोलो देवाचे खेळ चालू असताना, क्विंटिलिसच्या आइड्सपूर्वी पाचव्या दिवशी, म्हणजे ११ जुलैला, निरभ्र आकाशात भर दिवसा अंधारून आलं. गणित सांगतं की ते ग्रहण १४ मार्चचं. म्हणजे रोमची दिनदर्शिका खऱ्या ऋतूंच्या जवळजवळ चार महिने पुढे धावत होती. भर उन्हाळ्याचे म्हणून भरवलेले खेळ वसंताच्या तोंडावर चालले होते. त्याच्या आदल्याच वर्षी जादा महिन्याबद्दल एक कायदा झाला होता. दुखणं हाताबाहेर गेल्यावर केलेला उपाय तो.

दुसरी ओळ चंद्रग्रहणाची, आणि तिच्याभोवती एक अख्खी रात्र उभी आहे.

इ.स.पू. १६८. ग्रीसच्या उत्तरेला पिड्ना या गावाजवळ दोन सैन्यं समोरासमोर तळ देऊन होती. एकीकडे मॅसिडोनियाचा राजा पर्सियस, अलेक्झांडरच्या सिंहासनावर बसलेला शेवटचा राजा. दुसरीकडे रोमन सेनापती एमिलियस पॉलस, साठीला आलेला, सावध. लिव्ही सांगतो, दक्षिणायन लागलं होतं, दुपारचं ऊन चढत होतं, सैनिक वाटचालीने, धुळीने आणि तहानेने गांजले होते. पॉलसने त्या दिवशी लढाई टाळली. रात्री तळावर सगळं स्थिरस्थावर झाल्यावर गायस सल्पिसियस गॅलस नावाच्या अधिकाऱ्याने, पॉलसची परवानगी घेऊन, सैनिकांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं: आज रात्रीच्या दुसऱ्या तासापासून चौथ्या तासापर्यंत चंद्र काळवंडेल, हे अपशकुन म्हणून घेऊ नका, चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो तेव्हा असं होतं, आणि ते कधी होणार हे आधी कळू शकतं.

आणि तसंच झालं. लिव्ही म्हणतो, रोमन सैनिकांना गॅलसचं ज्ञान जवळजवळ दैवी वाटलं. मॅसिडोनियन तळात मात्र रडारड आणि आक्रोश सुरू झाला, तो चंद्र पुन्हा मोकळा होईपर्यंत थांबला नाही. राजाचा अस्त जवळ आला, असंच त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी लढाई झाली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार ती तासाभरात संपली, आणि तिच्याबरोबर अलेक्झांडरचं राज्यही.

सिसेरो हीच गोष्ट थोडी वेगळी सांगतो: ग्रहण आधी झालं, सैनिक घाबरले, आणि मग गॅलसने त्यांना कारण समजावून सांगितलं. माझा विश्वास सिसेरोवर जास्त बसतो. तो लिव्हीच्या आधीचा, आणि सांगण्यात चमत्कार नाही. पण मला तो माणूस या दुसऱ्या रूपात अधिक मोठा वाटतो. वेळ आधी सांगणं हे गणित आहे, आणि ते बाबिलोनियात कधीच सुरू झालं होतं. घाबरलेल्या हजारो शिपायांसमोर परदेशातल्या काळोखात उभं राहून, 'ही आपल्याच पृथ्वीची सावली आहे' असं शांतपणे पटवून देणं, त्याला गणिताबरोबर माणसांवरचं प्रेमही लागतं. पुढे हा गॅलस इ.स.पू. १६६मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झाला.

आणि प्लुटार्कच्या गोष्टीत तर गॅलस नाहीच. त्याच्याकडे चंद्र काळवंडत जातो, रंग बदलतो, नाहीसा होतो, आणि रोमन सैनिक चंद्राचा उजेड परत बोलावण्यासाठी पितळेची भांडी वाजवतात, पेटते पलिते आणि कोलिते आकाशाकडे उंच धरतात. पॉलसला ग्रहणाचं कारण ठाऊक होतं, असं प्लुटार्क सांगतो. तरीही चंद्र सुटताच त्याने चंद्राला अकरा कालवडींचा बळी दिला. एकाच रात्री, एकाच तळावर, ज्ञान आणि पितळेचा खणखणाट दोन्ही होते. मला यात विसंगती दिसत नाही.

२०२५च्या ७ सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण झालं, ते आमच्या गच्चीवरून पाहिलं. ढग येत-जात होते. रात्री दहाच्या सुमाराला डाव्या काठावर सावली लागली आणि अकराला चंद्र पुरता बुडाला, जुन्या न घासलेल्या तांब्याच्या घागरीचा रंग त्याला आला. तो साधारण ऐंशी मिनिटं तसाच राहिला. मी अशा घरात वाढलो जिथे वेध लागले की उरलेल्या अन्नावर तुळशीपत्र ठेवलं जाई, आणि रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी येई. त्या आरोळीने मी लहानपणी अंथरुणात उठून बसत असे. आता आरोळी आली नाही. आमच्या इमारतीतली पोरं फोन वर धरून उभी होती, आणि एकीने मला विचारलं की काका, ही सावली गोल का आहे. तिला उत्तर देताना माझ्या डोक्यात गॅलस होता. पृथ्वी गोल आहे, म्हणून तिची सावली गोल; ॲरिस्टॉटलनेही पृथ्वी गोल असल्याचा हाच पुरावा दिला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, म्हणजे आत्ता आपण सगळे त्याच्यावर दिसतोय.

पण पिड्नाच्या तारखेकडे परत येऊ. लिव्ही लिहितो की ती रात्र सप्टेंबरच्या नोन्सच्या आदल्या दिवसाची, म्हणजे ३ आणि ४ सप्टेंबरमधली. खगोलगणित सांगतं, ते ग्रहण २१ जूनच्या संध्याकाळचं. अडीच महिन्यांचा फरक. लिव्हीने तर लागोपाठच्या मजकुरात ऋतूही सांगितला आणि सप्टेंबरही लिहिला, आणि दोन्ही तसेच शेजारी राहू दिले. पण मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. दुसऱ्या कुठल्या तिथीला ते होऊच शकत नाही. सप्टेंबरची आइड्स १३ तारखेला. म्हणजे पॉलसच्या सैन्यावर पूर्ण चंद्र काळवंडत होता, तेव्हा रोमच्या दिनदर्शिकेप्रमाणे पौर्णिमेला अजून नऊ-दहा दिवस होते. त्या महिन्याच्या आइड्सला रोममध्ये पांढरी मेंढी टेकडीवर नेली गेली असेल, तेव्हा आकाशात अर्धाअधिक झिजलेला चंद्र होता.

सीझर इ.स.पू. ६३पासून स्वतः पोंटिफांचा प्रमुख होता. म्हणजे जादा महिना घालणं ही त्याचीच जबाबदारी. तो गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लढत राहिला, मग यादवी युद्धात. महिने घातले गेले नाहीत. त्याने रुबिकॉन नदी ओलांडली ती इ.स.पू. ४९च्या जानेवारीत, पण ऋतू होता शरदाचा. शेवटी इ.स.पू. ४६मध्ये त्याने फेब्रुवारीत २३ दिवस आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये ६७ दिवस घालून ४४५ दिवसांचं वर्ष केलं. मॅक्रोबियस त्याला गोंधळाचं शेवटचं वर्ष म्हणतो. पुढच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवस आणि चौथ्या वर्षी एक जादा, हा हिशेब सुरू झाला. रोमन लेखक प्लिनीच्या सांगण्यानुसार यामागे सोसिजेनिस हा ज्योतिषी होता. ही सुधारणा निर्विवाद थोर आहे. त्याच हिशेबावर, थोडी दुरुस्ती करून, आज सगळं जग चालतं. पण तिने चंद्राला निरोप दिला. आइड्स १३ आणि १५ तारखेला कायमची बसली. चंद्र तिथे आला तर योगायोगाने.

किती योगायोगाने, हे इ.स. १४ सालात दिसतं. १३ सप्टेंबरला, आइड्सला, कॅपिटोलवर ज्युपिटरची मेजवानी असे. त्याच्या महामंदिराचा वर्धापनदिनही तोच. त्या वर्षी त्या दिवशी अमावास्या होती. आणि दोन आठवड्यांनी, २७ सप्टेंबरच्या पहाटेआधी, दूर डॅन्यूबकडच्या पॅनोनिया प्रांतात चंद्राला ग्रहण लागलं. पहिला सम्राट ऑगस्टस नुकताच वारला होता आणि तिथल्या तीन लेगियन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या पलटणी, बंडावर उठल्या होत्या. मागणी साधी होती: रोज एक दिनार पगार, सोळा वर्षांनी सुटका. टॅसिटस या इतिहासकाराने ती रात्र लिहिली आहे. निरभ्र आकाशात चंद्र एकाएकी मंद होऊ लागला. शिपायांना वाटलं, हा आपल्याच कष्टांचा चंद्र. तो उजळला तर आपलं काम होईल. त्यांनी पितळ वाजवलं, शिंगं फुंकली. उजेड थोडा वाढला की आनंद, कमी झाला की हाय खाणं. मग ढग आले आणि चंद्र झाकला गेला, आणि ही माणसं हंबरडा फोडू लागली की आपल्या नशिबी कायमचे कष्ट आले, देवांनी पाठ फिरवली. नव्या सम्राटाचा मुलगा ड्रूसस तळावर होता. त्याने तीच घडी साधली, तंबूतंबूत माणसं पाठवली, आणि सकाळपर्यंत बंड ढिलं पडलं. पुढारी मारले गेले.

पिड्नाला ज्ञान भीती घालवायला वापरलं गेलं. पॅनोनियात तीच भीती कामाला लावली गेली. टॅसिटसचं ते पान वाचताना मला दरवेळी त्या शिपायांचा गळा दाटलेला ऐकू येतो. वीस-तीस वर्षं चाकरीत घालवलेली, म्हातारी झालेली माणसं, आणि त्यांची बाजू घेणारा फक्त चंद्र, तोही ढगाआड.

रोमचा चंद्र शेतात मात्र टिकला. शेतीवर लिहिणारा जुना रोमन केटो सांगतो, लाकूड तोडायचं ते चंद्र उतरतीला असताना. आपल्या कोकणात बांबू काळोख्या पक्षात तोडतात, तसंच. आणि चंद्र पुन्हा रोमच्या अधिकृत हिशेबात आला तो भलत्याच वाटेने, ईस्टरमधून. वसंतसंपातानंतरची, म्हणजे मार्चमधल्या समान दिवस-रात्रीनंतरची, पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पण ही पौर्णिमाही चर्चच्या कोष्टकातली, आकाशातली नव्हे, आणि सोळाव्या शतकापर्यंत ती खऱ्या चंद्रापासून तीन-चार दिवस घसरली होती. १५८२मध्ये पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला, तेव्हा सूर्याबरोबर चंद्राचं कोष्टकही दुरुस्त झालं. बहुतेक लोकांना फक्त गाळलेले दहा दिवस आठवतात. चंद्राची दुरुस्ती करणारा दक्षिण इटलीतला वैद्य लुइजी लिलिओ मला त्याहून जवळचा वाटतो. सोळा शतकांनी कुणीतरी रोमसाठी चंद्राकडे पुन्हा बारकाईने पाहिलं.

तरी कोष्टक ते कोष्टकच. २०१९मध्ये वसंतसंपात २० मार्चला रात्री झाला आणि काही तासांतच, रोममध्ये २१ तारखेची पहाट व्हायच्या आधी, पूर्ण चंद्र. आकाशाच्या नियमाने ईस्टर त्याच आठवड्यात यायला हवा होता. पण चर्चच्या कोष्टकात संपात कायम २१ मार्चला असतो आणि त्या वर्षीची पौर्णिमा २० मार्चला पडत होती, म्हणून तो चंद्र बाद झाला आणि पुढच्याची वाट पाहावी लागली. तो बाद झालेला चंद्र आपल्याकडे होळीचा होता. गोव्यात शिगमो आणि इथे धुळवड त्या चंद्राखाली झाली. वसई आणि गोव्यातल्या चर्चमध्ये मात्र रोमच्या कागदावरची पौर्णिमा पाळून गुड फ्रायडे १९ एप्रिलला आला. त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती, हनुमान जयंती.